पाणी आणि टोल्युईनच्या मधे सोन्याची फिल्म कशी वाढवायची

सोन्याच्या नॅनोक्रिस्टलची, म्हणजे नॅनोमीटर आकाराच्या बारीक स्फटिक कणांची, पातळ फिल्म हवी असेल तर दरवेळी व्हॅक्यूमचं मशीन लागतंच असं नाही, एक १०० मिलीचा बीकर पण चालतो. टोल्युईन हा पाण्यात न मिसळणारा, पाण्यावर तरंगणारा द्रव. सोन्याचं संयुग वरच्या टोल्युईनमधे, रिड्यूसर (संयुगातून सोनं मोकळं करणारं रसायन, इथे टीएचपीसी) खालच्या पाण्यात, दोघांची गाठ पडणार फक्त मधल्या इंटरफेसवर, म्हणजे दोन थर टेकतात त्या सीमेवर, म्हणून सोनं तिथेच तयार होतं आणि कण तिथेच अडकून बसतात कारण तिथे बसल्याने पृष्ठभागाची ऊर्जा कमी होते.

बीकर आधी अ‍ॅक्वा रेजियाने (सोनं विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) धुवा, जुने कण चिकटलेले असले तर सोनं काचेवरच जमायला लागतं. हे सगळं फ्यूम हूडमधेच (वाफा ओढून घेणारं कपाट) बरं का, टोल्युईनची वाफ आणि टीएचपीसी दोन्ही वाईट.

बीकरमधे ६.२५ मिलीमोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं १६ मिली द्रावण घ्या, त्यावर टोल्युईनमधलं क्लोरो-ट्रायफेनिलफॉस्फीन-गोल्ड, १.५ मिलीमोलर, १० मिली, भिंतीवरून हळूहळू सोडा. थर शांत झाले की सिरिंजची सुई टोल्युईनमधून खाली पाण्यापर्यंत न्या आणि ५० मिलीमोलर टीएचपीसी ३३० मायक्रोलिटर हळूच सोडा. खरी कसोटी इथे आहे, घाईत दट्ट्या दाबला की थर ढवळतात आणि मग फिल्म ठिकठिकाणी फाटकी येते.

थोड्या वेळाने इंटरफेसवर फिकट गुलाबी छटा दिसेल, मग ती गडद होत जाते, साधारण २४ तासांत लवचिक फिल्म तयार. तोवर हात लावू नका, आणि स्टिररचा किंवा पंपाचा हादरा बसेल अशा टेबलावर तर बीकर ठेवूच नका. तापमान मात्र ठरवून ठेवा, गरम ठेवलं तर कण मोठे होतात आणि फिल्ममधून वीज सहज वाहते, थंड ठेवलं तर कण बारीक.

काढताना काच किंवा सिलिकॉनची पट्टी तिरकी बुडवून फिल्मच्या खालून वर उचला, साय काढतो तशी. टीईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) नमुना ठेवायची बारीक जाळी, म्हणजे ग्रिड, असेल तर चिमट्याने धरून तसंच करायचं.

आणि फिल्म नको, सुटे कण हवेत असं वाटलं तर टोल्युईनमधे डोडेकेनथायोल (सोन्याच्या कणांना चिकटणारं गंधकाचं संयुग) टाका, फिल्म मोडून कण वरच्या थरात जातात. त्याऐवजी पाण्यात मरकॅप्टोअनडिकॅनॉइक अ‍ॅसिड (हेही तसंच, पण पाण्याशी जमणारं) वापरलंत तर तेच कण पाण्यात उतरतात.