कार्ब्युरेटर गळतो तेव्हा: आधी जागा शोधावी, मग पाना हाती घ्यावा

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलीजवळ सकाळी गेल्यावर पेट्रोलचा वास आला आणि इंजिनाखाली ओला डाग दिसला, की बहुतेकांचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो आणि त्याच्या मुठीने कार्ब्युरेटरच्या बाऊलवर, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या खालच्या वाटीवर, दोन-चार ठोके दिले जातात. गळती त्याने बरेचदा थांबतेही, कारण निडलच्या, म्हणजे बाऊलमध्ये येणाऱ्या पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईच्या, टोकाशी अडकलेला कण हलतो किंवा पेट्रोलवर तरंगून ती सुई वर दाबणारा, पण अडखळलेला फ्लोट मोकळा होतो. परंतु तो कण टाकीतून आलेला असतो आणि त्याच्यामागून आणखी येणार असतात, म्हणून ठोक्याने थांबलेली गळती दुरुस्त झाली असे समजू नये. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे डाग दिसताच संपूर्ण कार्ब्युरेटर खोलून बसणे. पेट्रोल नेमके कोठून येते हे गाडीवरच, काहीही न उघडता पाहता येते, आणि एकदा खोलल्यावर ती खूण कायमची पुसली जाते. या कामात जागा शोधण्याला दिलेली वीस मिनिटे पुढच्या सगळ्या मेहनतीपेक्षा मोलाची आहेत, असे माझे ठाम मत आहे.

पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत साचून दूरच्या ज्योतीपर्यंत सरपटत जाऊ शकते. म्हणून हे काम उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना करावे, बॅटरीची एक तार सोडून ठेवावी आणि उजेडासाठी उघडा बल्ब वापरू नये. निघालेले पेट्रोल झाकणाच्या धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच असलेल्या डब्यात घ्यावे.

गळती बराच काळ चालू राहिली असेल तर इंजिन सुरू करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे. ओव्हरफ्लोची, म्हणजे बाऊलमधले जादा पेट्रोल बाहेर सोडणारी, नळी तुंबलेली असेल किंवा कार्ब्युरेटर इंजिनाकडे उतरता बसवलेला असेल, तर जादा पेट्रोल बाहेर न पडता इनलेटमधून सिलिंडरमध्ये उतरते आणि तेथून पिस्टन रिंगांच्या फटीतून क्रँककेसमधील ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांवर टिकत नाही. किक मध्येच दगडासारखी अडली तर तिच्यावर जोर मुळीच देऊ नये. द्रव दाबला जात नाही, आणि पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल साचलेले असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा वेळी स्पार्क प्लग काढावा, इग्निशन बंद ठेवावे आणि हळूहळू किक फिरवून सिलिंडर रिकामा करावा.

जागा शोधणे

कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, बंद करून कार्ब्युरेटर, पाइप आणि इंजिनाचा वरचा भाग कापडाने पुसून पूर्ण कोरडा करावा, सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी आणि खाली पांढरा कागद अंथरावा. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन सुरू न करता कॉक उघडावा आणि लक्ष ठेवावे. पेट्रोल खाली ओघळून बाऊलच्या तळाशी थेंब धरते, त्यामुळे थेंब दिसतो तेथेच दोष आहे असे वाटते. खरी जागा म्हणजे खडू सर्वांत आधी आणि सर्वांत वर जेथे ओला होतो ती. जुन्या गळतीची खूणही उपयोगी पडते, कारण पेट्रोल उडून गेल्यावर मागे तपकिरी, किंचित चिकट थर राहतो आणि तो महिनोन्‌महिने जागा सांगत असतो. दहा मिनिटांत काहीच दिसले नाही तर गाडी साइड स्टँडवर कलती करून पुन्हा पाहावे, कारण निडल काठावर बिघडलेली असेल तर ती कित्येकदा कलत्या स्थितीतच दगा देते.

पेट्रोल पाइपच्या टोकाशी ओल दिसली तर काम सोपे आहे. पाइप बोटांत वाकवून पाहावा. पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या किंवा तो लाकडासारखा कडक लागला तर क्लिप आवळण्यात वेळ न घालवता पेट्रोलसाठीचा नवा पाइप आणि नव्या क्लिपा बसवाव्यात.

बाऊल आणि वरच्या अंगाच्या सांध्यातून पेट्रोल झिरपत असेल तर गॅस्केट किंवा ओ-रिंग बदलावी लागते, मात्र त्याआधी हेही ध्यानात घ्यावे की फ्लोटची पातळी ठीक असताना पेट्रोल सहसा त्या सांध्याच्या खालीच राहते. म्हणजे सांधा ओला होत असेल तर गॅस्केट खराब असण्याबरोबरच पातळीही चढलेली असण्याची दाट शक्यता असते, आणि नुसते गॅस्केट बदलले तर तेच पेट्रोल ओव्हरफ्लोतून वाट काढते. सांध्याला सिलिकॉनचा लेप कधीही लावू नये. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, त्याचे तुकडे सुटतात आणि पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटच्या केसाएवढ्या छिद्रात जाऊन बसतात. बाऊल उघडल्यावर जुनी ओ-रिंग फुगून खाचेत मावेनाशी झाली तर ती दिवसभर मोकळ्या हवेत ठेवल्यास पुष्कळदा पूर्वीच्या मापावर येते. नवी मिळेपर्यंत हा तात्पुरता उपाय चालतो. बाऊल रिकामा करण्यासाठी असलेल्या ड्रेन स्क्रूच्या बाबतीत मात्र जोराने आवळण्याचा मोह टाळावा, कारण बाऊलचा मिश्रधातू मऊ असतो आणि त्यातले आटे गेले की साधी गळती मोठ्या खर्चाची होते. स्क्रू काढून त्याचे टोक व बैठक पुसावी, वॉशर किंवा ओ-रिंग असल्यास बदलावी आणि बेताने बसवावा.

अमाल प्रकारच्या जुन्या कार्ब्युरेटरवर एक दाबायची खुंटी, म्हणजे टिकलर असते. ती दाबल्यावर पेट्रोल बाहेर येणे हे थंड इंजिन सुरू करण्यासाठी मुद्दाम केलेले असते. ती सोडल्यावर वर येते की अडकून फ्लोटला दाबून धरते, एवढेच तेथे पाहावे.

ओव्हरफ्लो: खरे काम येथे आहे

ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडत असतील तर बाऊलमधली पातळी वाजवीपेक्षा वर गेली आहे किंवा बाऊलच्या आतली ओव्हरफ्लोची उभी नळीच फुटलेली आहे. कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वीच या दोहोंत फरक करता येतो. ड्रेनच्या तोटीला पारदर्शक नळी लावावी, ती वाकवून कार्ब्युरेटरच्या अंगालगत उभी धरावी आणि ड्रेन स्क्रू सैल करावा. नळीतले पेट्रोल बाऊलमधल्या पातळीइतकेच चढते. ते सांध्याच्या काही मिलिमीटर खाली येऊन स्थिर राहिले आणि तरीही ओव्हरफ्लो ठिबकत असेल तर संशय उभ्या नळीवर घ्यावा. ते थांबत थांबत वर सरकतच राहिले तर निडलपाशी पेट्रोलची वाट पूर्ण बंद होत नाही, हे नक्की. ज्या कार्ब्युरेटरमध्ये ड्रेन आणि ओव्हरफ्लो यांची तोटी एकच असते तेथे ही तपासणी स्क्रू सैल केल्यावरच खरी मानावी.

पातळी सरकत असेल तर कार्ब्युरेटर काढावा. जपानी कार्ब्युरेटरच्या चौफुली स्क्रूंची खाच जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाची असते. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर तीत पूर्ण बसत नाही आणि जोर दिल्यावर वर सटकून खाच गोल करतो, त्यामुळे योग्य टोक मिळवूनच सुरुवात करावी. बाऊल उघडल्यावर ते उपडे करून रिकामे करण्याआधी त्याच्या तळाशी काय साचले आहे ते पाहावे. लालसर बारीक गाळ असेल तर टाकी आतून गंजलेली आहे, आणि टाकी धुऊन कॉकची जाळी साफ करेपर्यंत नवी निडल बसवण्यात अर्थ नाही. पाण्याचे गोळे दिसले तर टाकीच्या झाकणाचे रबर पाहावे.

फ्लोटची पिन काढताना घाई करू नये. पुष्कळ कार्ब्युरेटरमध्ये ती एका खांबात घट्ट आणि दुसऱ्यात सैल असते, आणि चुकीच्या बाजूने ठोकल्यास तो खांब काडीसारखा तुटतो. मग पुष्कळदा सबंध कार्ब्युरेटर बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. खांबाला मागून आधार द्यावा, पिन हलत नसेल तर सैल करणारे ऑइल सोडून थांबावे आणि सैल बाजूकडून बारीक पंचाने हलकेच ढकलावे.

आता निडल भिंगाखाली धरावी. चांगल्या निडलचा निमुळता शेंडा एकसारखा गुळगुळीत असतो. झिजलेल्या निडलवर, ती सीटला, म्हणजे आपल्या बैठकीला, टेकते तेथे, नखाला जाणवेल अशी बारीक कडी उमटलेली दिसते. रबरी टोकाच्या निडलवर ती कडी अधिक स्पष्ट असते, तर पितळी निडलवर ती चमकदार वळ्यासारखी दिसते. अशी निडल पॉलिश पेपरवर घासून सुधारत नाही, कारण घासताना शेंड्याचा कोन बिघडतो. ती बदलावी, आणि सीट सुटी निघत असेल तर तीही सोबत बदलावी. दुसऱ्या टोकाला असलेली स्प्रिंगची बारीक खुंटी बोटाने दाबून सोडावी. ती न अडखळता वर आली पाहिजे. सीट घट्ट बसवलेली असेल तर कापसाच्या काडीवर थोडे धातूचे पॉलिश घेऊन ती हळुवार फिरवावी आणि नंतर पॉलिशचा अंश उरणार नाही इतकी स्वच्छ धुवावी. सीटच्या बाहेरून वॉशर किंवा ओ-रिंग असते, हे अनेकांच्या ध्यानातून निसटते. ती वाळलेली असेल तर निडल नवी असूनही पेट्रोल सीटला वळसा घालून बाऊलमध्ये येत राहते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही, त्यामुळे या ओ-रिंगा आता पूर्वीपेक्षा लवकर निकामी होतात.

फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल हिंदकळल्याचा आवाज आला तर तो जड होऊन बुडतो आणि निडल पुरेशी वर दाबत नाही. पितळी फ्लोट कडक गरम पाण्यात क्षणभर बुडवल्यास आतली हवा प्रसरण पावून छिद्रातून बुडबुडे काढते आणि छिद्र कोठे आहे ते दिसते. आतले पेट्रोल पूर्ण बाहेर काढल्याशिवाय त्याला झाळण्याची उष्णता लावणे जिवावर बेतू शकते, आणि झाळल्यावरही कथिलाच्या वजनाने पातळी बदलते. म्हणून नवा फ्लोट मिळत असेल तर तोच घ्यावा.

जोडल्यावर फ्लोटची उंची मोजावी. कार्ब्युरेटर उपडा पण तिरका असा धरावा की फ्लोटची जीभ निडलच्या खुंटीला नुसती टेकेल आणि स्प्रिंग दाबली जाणार नाही. मग गॅस्केट काढलेल्या कडेपासून फ्लोटच्या सर्वांत दूरच्या टोकापर्यंतचे अंतर त्या मॉडेलच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. येथे हमखास गोंधळ होतो: हे अंतर वाढले की पेट्रोलची पातळी खाली जाते, कमी झाले की वर येते. जीभ वाकवायची ती कणाकणाने, आणि प्लास्टिकच्या फ्लोटवर जीभ नसेल तर बदल फ्लोट बदलूनच होतो. शेवटी उपड्या स्थितीतच पेट्रोलच्या तोटीला नळी लावून तोंडाने हलकेच फुंकावे; हवा मुळीच जाता कामा नये. येथे कॉम्प्रेसर लावू नये, कारण टाकी कार्ब्युरेटरच्या 30 सेंटिमीटर वर असेल तर निडलवर येणारा पेट्रोलचा दाब जेमतेम 0.02 बार असतो, आणि कॉम्प्रेसरच्या काही बार दाबापुढे निर्दोष निडलही उघडेल.

उभ्या नळीची गोष्ट मी अनुभवातून सांगतो. माझ्या गाडीची निडल आणि सीट मी दोनदा बदलली, उंची तीनदा मोजली, तरी दर मिनिटाला एक थेंब पडतच होता. अखेर बाऊल काढून समतल ठेवला, पितळी नळीच्या तोंडाच्या किंचित खालपर्यंत त्यात पेट्रोल ओतले आणि खाली कागद ठेवून वाट पाहिली. सातव्या मिनिटाला कागदावर वाटोळा डाग उमटला. नळीच्या बुंध्याशी केसासारखी उभी चीर होती. ती कोरडी असताना भिंगातूनही दिसत नव्हती, पण ओली असताना उजेडात काळी रेघ म्हणून चमकत होती. म्हणून माझा आग्रह असा, की ही चाचणी निडल विकत आणण्याआधी करावी. चीर बुजवण्यासाठी पेट्रोलला टिकणारे इपॉक्सी चालते, मात्र पितळ आधी घासून तेलकटपणा पूर्ण घालवावा लागतो. झाळायचे झाल्यास बाऊलचा मिश्रधातू कमी उष्णतेला वितळतो, हे ध्यानात ठेवावे.

कॉक

निडल कितीही चांगली असली तरी कॉक बंद केल्यावर पेट्रोल पूर्ण थांबले पाहिजे. पाइप कॉककडून सोडून बाटलीत धरावा आणि अर्धा तास थांबावे. एखादा थेंबही पडला तर आतला छिद्रांचा रबरी वॉशर बदलावा. व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या शोषणावर, चालणाऱ्या कॉकची बारीक नळी इनलेटकडून काढून पाहावी. ती आतून पेट्रोलने ओली असेल तर आतला पडदा फाटला आहे आणि पेट्रोल थेट इंजिनात जात आहे. गाडी सुरू होताना काळा धूर येत असेल तर तोही याचाच परिणाम असू शकतो. असा कॉक ‘प्राइम’वर राहून गेला तर तो इंजिन बंद असतानाही वाहत राहतो, हेही तपासावे.

सर्व जोडून झाल्यावर कॉक उघडावा आणि गाडी डोळ्यांसमोर ठेवून अर्धा तास मधल्या स्टँडवर, अर्धा तास साइड स्टँडवर उभी करावी. खालचा कागद बदललेला आणि कोरडा असावा. नंतर पंधरा मिनिटे चालवून आणावी आणि इंजिन गरम असताना सांध्यांवरून कोरडे कापड फिरवून पाहावे. टाकी गंजलेली आढळली होती तर साधारण आठवड्याने ड्रेन स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल पांढऱ्या वाटीत घ्यावे, आणि त्यात लाल कण दिसले तर टाकी पुन्हा उतरवावी.