संशयिताचं रेखाचित्र कसं पाहावं

मी व्यक्तिचित्रं काढतो, म्हणून सांगतो: उकल न झालेल्या खुनाचं रेखाचित्र हाती आलं की आधी चेहरा नको, तारीख बघा. साक्षीदारानं किती दिवसांनी वर्णन दिलं? किती अंतरावरून, कसल्या उजेडात पाहिलं होतं? केस, दाढी, चष्मा बदलता येतात. त्यांच्यावर अडून राहू नका. अमेरिकेतल्या डेल्फी गावच्या दोन मुलींच्या खून प्रकरणात पोलिसांनी २०१७ आणि २०१९ साली दिलेली दोन चित्रं म्हणजे चक्क दोन वेगळी माणसं! टपालानं बॉम्ब पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘युनाबॉम्बर’चं हूड-गॉगलवालं चित्र जगभर गाजलं (साक्षीदारानं त्याला पाहिलं १९८७ साली, हे चित्र काढलं १९९४ साली), पण १९९६ साली तो सापडला तो भावानं लिखाण ओळखल्यामुळे. म्हणून चित्र जुळत नाही एवढ्यावरून कुणाला वगळू नका. जुळलंच, तर पोलिसांना कळवा. फेसबुकवर नाव टाकू नका.