सेकंडहँड वस्तू आणि जुन्या फर्निचरमधून आपल्या माणसांचं घर कसं सजवायचं

सेकंडहँड फर्निचर बघायला बाहेर पडायच्या आधी एक काम घरातच करायचं असतं आणि नेमकं तेच बहुतेकजण करत नाहीत. चार-पाच दिवस फक्त बघायचं की घरातली माणसं वावरतात कशी. बाहेरून आल्यावर पिशवी कुठे टाकतात, बूट काढताना कुठे टेकतात, मुलं अभ्यासाला खरंच टेबलावर बसतात की जमिनीवर पसरतात, आजी-आजोबा कुठल्या खुर्चीतून उठताना हाताला आधार शोधतात, हे सगळं कागदावर लिहून काढा. ही यादी म्हणजे तुमची खरेदीची यादी. जुनी वस्तू सुंदर दिसली म्हणून उचलायची नाही, ती कोण वापरणार आणि कुठे राहणार हे ठरलेलं असेल तरच उचलायची. माझं हे मत एकदम पक्कं आहे, कारण असं केलं नाही की घराचं गोडाऊन होतं आणि मग सगळा दोष बिचाऱ्या जुन्या वस्तूंवर येतो.

स्टेप १: मापं घ्या, सगळी

जिथे वस्तू ठेवायची ती जागा मोजायचीच, पण त्याबरोबर दाराची रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टची आतली उंची आणि पॅसेजही मोजा. कपाट खोलीत मावतं आणि जिन्याच्या वळणावर अडकतं असं फार वेळा होतं. मापं फोनमध्ये लिहून ठेवा आणि मेजरिंग टेप कायम पिशवीत असू द्या.

काही आकडे पाठच असू द्यावेत. जेवणाचं किंवा लिहायचं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं, खुर्चीची बैठक ४५ च्या आसपास, आणि बैठक ते टेबलाचा वरचा भाग यात २५ ते ३० सेंटीमीटर अंतर राहिलं की आरामात बसता येतं. वेगवेगळ्या जागांहून खुर्च्या जमवून एका टेबलाभोवती लावायच्या असतील (आणि ते खूप छान दिसतं) तर डिझाइन जुळलं नाही तरी चालेल पण बैठकीची उंची जुळलीच पाहिजे, नाहीतर एक जण वर आणि एक जण खाली अशी पंगत दिसते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बैठक दोन-चार सेंटीमीटर उंच आणि हात असलेली खुर्ची बघा, फार खोल, आत रुतणारा सोफा त्यांच्यासाठी अजिबात नको.

स्टेप २: वस्तू उलटी करून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा. रंग, पॉलिश, कापड, हँडल हे सगळं बदलता येतं, पण सांगाडा खराब असेल तर त्यावर केलेली मेहनत वाया जाते, म्हणून समोरून बघण्याआधी खालून आणि मागून बघा.

भरीव लाकूड आहे की नाही हे कडेवर कळतं. वरच्या पृष्ठभागावरच्या रेघा कडेवरून वळून खाली गेल्यासारख्या दिसल्या तर भरीव लाकूड असण्याची शक्यता जास्त, कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लायवूड किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा गोंदात दाबून केलेली फळी) आहे. प्लायवूड वाईट नसतं, चांगलं प्लाय वर्षानुवर्षं टिकतं. पार्टिकल बोर्ड मात्र एकदा पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही, त्यामुळे पायाजवळ फुगलेला दिसला की तो फुकट मिळाला तरी सोडून द्या. व्हेनिअर म्हणजे वरचा लाकडाचा पातळ थर, हल्लीच्या फर्निचरमध्ये तो जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असतो, हे पुढे घासताना लक्षात ठेवायचं.

मग खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात दोन्ही फळ्यांचे दात एकमेकांत गुंतवलेले असतील तर काम चांगलं आहे, नुसते स्टेपल मारलेले असतील तर कामचलाऊ. खुर्चीवर नुसतं बसू नका, पाठीला धरून तिरकी हलवून बघा. थोडी कुरकुर चालते, सांधा ढिला झालाय एवढंच, पण पायालाच आडवी भेग असेल तर ती खुर्ची नको.

कीड. लाकडात एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर भुंगा लागून गेलाय किंवा अजून आत आहे. भोकाच्या खाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर आत आहे असं धरून चाला. वाळवी असेल तर लाकूड वरून ठीक दिसतं पण ठोकल्यावर पोकळ वाजतं, चिखलाच्या बारीक नळ्या दिसतात. कापडाच्या वस्तूत ढेकूण शोधायचे, शिवणीत, बटणांच्या खाली, सोफ्याच्या खालच्या कापडाच्या आत, टॉर्च लावून. काळे बारीक ठिपके आणि साल टाकल्यासारखी टरफलं दिसली की तिथून निघा, भाव कितीही कमी असू दे. ढेकूण न खाता कित्येक महिने जगतात त्यामुळे "बाल्कनीत पडू दे थोडे दिवस, मरतील" हे होत नाही.

काही वस्तू मात्र सेकंडहँड घेऊच नयेत असं मी ठामपणे सांगते. गादी, कारमधली मुलांची सीट (आधी धडक बसलीय का हे बाहेरून कळत नाही) आणि जुना पाळणा. बाळाच्या कॉटच्या दांड्यांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं, आणि एक बाजू खाली सरकणाऱ्या ज्या कॉट पूर्वी सगळीकडे मिळायच्या त्या अमेरिकेत २०११ मध्ये विकायलाच बंदी आली, बाळं अडकून दगावली म्हणून. कुणी प्रेमाने दिली तरी नम्रपणे नाही म्हणा.

स्टेप ३: घरात आणण्याआधी साफसफाई

वस्तू थेट खोलीत नको. गॅलरी, गॅरेज, जिन्याखाली, जिथे जमेल तिथे आधी ठेवा. लाकडी वस्तूखाली काळा कागद पसरून काही दिवस तशीच राहू द्या, भुसा पडला तर कागदावर लगेच दिसेल. पडदे, अभ्रे, चादरी ६० अंश गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही पण छोटं आहे ते पिशवीत बंद करून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये निदान चार दिवस ठेवलं तरी कीड मरते.

लाकूड पुसायला कोमट पाण्यात थोडं साबणाचं पाणी, घट्ट पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं, एवढंच. भिजवायचं नाही. जुन्या कपाटाचा कुबट वास ऊन-वाऱ्याने बराच जातो, उरला तर आत वाटीत बेकिंग सोडा ठेवा आणि रोज दार थोडं उघडं राहू द्या. तरीही हटला नाही तर आतल्या बाजूने चपड्याचं (लाखेचं) पॉलिश मारा, त्याने वास आत कोंडला जातो.

स्टेप ४: दुरुस्ती

ढिल्या खुर्चीला खिळा मारू नका, प्लीज. खिळ्याने लाकूड चिरतं आणि नंतर नीट दुरुस्ती करायला जागाच उरत नाही. सांधा हलक्या हाताने उघडा, जुना सुकलेला गोंद खरवडून पूर्ण काढा (जुन्यावर नवीन गोंद धरत नाही, म्हणून ही पायरी गाळायची नाही), लाकडाला लावायचा पांढरा गोंद लावा आणि क्लॅम्पने दाबून २४ तास सोडा. क्लॅम्प नसेल तर दोरी गुंडाळून त्यात काठी घालून पीळ द्या, तेवढाच दाब येतो.

बिजागरीचा स्क्रू गोल गोल फिरत असेल तर भोकात गोंद लावलेल्या आगकाड्या, अर्थात गूल काढून, ठोकून बसवा, सुकल्यावर तोच स्क्रू घट्ट बसतो. अडकणाऱ्या खणाच्या कडेला मेणबत्ती घासा. टेबलावर गरम भांड्याचा पांढरट गोल डाग असेल तर तो बहुतेक वेळा पॉलिशमध्ये अडकलेली वाफ असते, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री काही सेकंद फिरवायची, उचलून बघायचं, परत फिरवायची, हळूहळू जातो. काळा डाग असेल तर पाणी लाकडापर्यंत गेलंय, तो असा जाणार नाही.

जुना दिवा आवडला तर घ्या पण वायर, होल्डर आणि प्लग नवीन बसवूनच लावा.

स्टेप ५: रंग की पॉलिश?

सगळं पांढरं रंगवायची जी लाट आहे ती मला पटत नाही. लाकूड चांगलं असेल तर ते दिसू द्या, रंग ठेवा प्लाय, डाग पडलेलं किंवा चार प्रकारच्या लाकडाचं मिळून केलेलं फर्निचर यांच्यासाठी. आधी वर काय लावलंय ते ओळखा: मागे कुठेतरी, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा घासा, चिकट झालं तर चपडा आहे, स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर, दोन्हीने काहीच झालं नाही तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन). चपड्याचं पॉलिश दुरुस्त करायला सगळ्यात सोपं, सगळं काढायची गरजच नसते, नवीन हात मारला की जुन्यात मिसळतो.

रंगवलेली जुनी वस्तू घासण्याआधी मात्र थांबा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगात ते वापरायला १९७८ मध्ये बंदी आली आणि बऱ्याच देशांत त्याच्याही खूप नंतर. घासल्यावर उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. रंग किती जुना ते माहीत नसेल तर कोरडं घासू नका, शिसं तपासायचं किट वापरा, आणि निघालं तर ती वस्तू मुलांच्या घरात आणूच नका.

बाकी घासायचं ते नेहमी लाकडाच्या रेघांच्या दिशेने, आडवं घासलं की ओरखडे पॉलिशखालून दिसतात. भरीव लाकडाला १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २२०. व्हेनिअरवर सरळ २२० आणि तोही हाताने, मशीनने नाही. मग धूळ पुसून प्रायमर, आणि रंगाचे दोन पातळ हात, एक जाड हात कधीच नाही. आणि घाई करू नका, हाताला सुकल्यासारखा लागला तरी रंग पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे जातात, तोपर्यंत वर जड वस्तू ठेवली की चिकटते आणि उचलताना रंग घेऊन येते.

जवसाचं तेल वापरणार असाल तर एक गोष्ट फार महत्त्वाची: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता तयार होते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. एकेक फडकं बाहेर पसरून पूर्ण कडक वाळवा, मगच टाका.

स्टेप ६: आता ते आपल्या माणसांचं करा

इथे लोक लगेच नाव रंगवायला घेतात. नाव छान दिसतं, पण त्याआधी ती वस्तू त्या माणसाच्या अंगाला आणि सवयीला बसवा. मुलाचे पाय जमिनीला टेकत नसतील तर खुर्चीला पाय टेकवायची आडवी पट्टी लावा. डावखुऱ्या माणसाच्या टेबलाचा दिवा उजवीकडे न्या. जुन्या ड्रेसरचा वरचा एक खण काढून टाका, त्याच्या कप्प्यात टोपल्या ठेवा, बाहेरून आल्यावर प्रत्येकाच्या वस्तू आपापल्या टोपलीत पडतील. जुना बाक दारापाशी ठेवला, त्याच्यावर भिंतीला प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे हुक मारले, सगळ्यात खालचा हुक सगळ्यात छोट्याचा, की तो आपली बॅग स्वतः टांगायला लागतो.

मग हौसेचं काम. वेगवेगळ्या खुर्च्या एकाच रंगात रंगवा किंवा उलट, एकसारख्या खुर्च्या असतील तर प्रत्येकाने आपला रंग निवडायचा, त्यात माणसं आनंदाने भांडतात. मुलांची चित्रं खणाच्या आत चिकटवून वर पारदर्शक वार्निश मारा, खण उघडला की दिसतात. भिंतीवर उंचीच्या खुणा करण्यापेक्षा एका जुन्या लांब फळीवर करा, घर बदललं तरी फळी बरोबर येते. खुर्चीची सुटी बैठक चार स्क्रू काढले की निघते, त्यावर घरातल्याच कुणाच्या जुन्या साडीचं किंवा शर्टाचं जाड अस्तर लावलेलं कापड ताणून स्टेपल करा, आधी चार बाजूंच्या मध्ये, मग कोपऱ्यांकडे. आतला फोम दबला असेल तर ३२ ते ४० डेन्सिटीचा घ्या, स्वस्तातला हलका फोम लवकर बसतो.

हँडल बदलायची असतील तर दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजून मगच घ्या, ९६ आणि १२८ मिलिमीटर ही मापं सर्रास मिळतात. खूप जुन्या वस्तूत तिसरंच माप निघतं, मग जुनी भोकं पुट्टीने बुजवून नवीन पाडा.

स्टेप ७: मांडणी

एका खोलीत एकच मोठी, लक्ष वेधणारी जुनी वस्तू पुरे, बाकीच्यांनी तिला साथ द्यावी. वेगवेगळ्या काळातल्या वस्तू एकत्र बांधायला काहीतरी एक समान ठेवा, लाकडाची छटा, हँडलचा धातू किंवा एखादा रंग जो तीन ठिकाणी परत दिसेल. फोटो फ्रेम लावताना आधी वर्तमानपत्राचे त्या आकाराचे तुकडे भिंतीला चिकटवून बघा, आणि सगळ्या फ्रेम मिळून जो गट होतो त्याचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला बरोबर बसतो.

आणि उंच कपाट, बुकशेल्फ, ड्रेसर यांना भिंतीला पट्टी किंवा एल-अँगल मारल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. मुलं खण उघडून त्याच्यावर पाय देऊन चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये नको, विटेत किंवा काँक्रीटमध्ये चांगला प्लग घालून बसवा, भिंत पोकळ असेल तर आतल्या लाकडाच्या किंवा लोखंडाच्या उभ्या पट्टीत. हवा बदलली की लाकूड फुगतं-आकसतं, त्यामुळे पहिल्या वर्षात दोनदा तरी हे स्क्रू आणि खुर्च्यांचे सांधे परत तपासून आवळून घ्या.