आपल्या पालिकेचं नाट्यगृह बंद का? पैसे कुठे जातात ते असं शोधा

आधी एक समजून घ्या, १ जुलै २०१७ पासून राज्याचा करमणूक कर जीएसटीत गेला, पण घटनेतल्या राज्यसूचीच्या (राज्यांच्या अधिकारातल्या विषयांच्या यादीच्या) ६२ नंबरच्या नोंदीत पालिकेसारख्या स्थानिक संस्थांसाठी तो कर अजून शिल्लक आहे, त्यामुळे "आता आमच्या हातात काहीच नाही" असं पालिका म्हणाली तर ते पूर्ण खरं नाही.

पहिलं काम म्हणजे बजेटचं पुस्तक मिळवा. जमेच्या बाजूला घरपट्टी आणि नाट्यगृह भाडं बघा, खर्चात दुरुस्ती, वीजबिल, साऊंड आणि एसी बघा. बहुतेक ठिकाणी भाड्यातून वीजबिल निघालं तरी खूप झालं, बाकीचा भार घरपट्टीवरच, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पुस्तक देत नसतील तर माहिती अधिकार टाका. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "मागच्या तीन वर्षांत नाट्यगृह दुरुस्तीची तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती" एवढंच विचारा, भाषण नको. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की २० रुपयांचं पहिलं अपील.

मग तो कागद घेऊन बजेटच्या सभेआधी नगरसेवकाला गाठा, सभेनंतर गेलात तर चहा पाजतील फक्त.