ड्रॅगनच्या नादी लागण्याआधी

बुद्धिबळात काळ्याने खेळायची सिसिलियन ड्रॅगन ही सुरुवात शिकायला घेतली तेव्हा पहिले दोन महिने मी नुसत्या चाली घोकल्या. पंधराव्या चालीपर्यंत सगळं तोंडपाठ! आणि पहिल्याच स्पर्धेत सहाव्या चालीला घोडा घालवून बसलो.

पाचव्या चालीला मी जी६ केलं (जी फाइलमधलं, म्हणजे त्या उभ्या रांगेतलं प्यादं सहाव्या ओळीत आणलं), म्हणजे ड्रॅगन झाला. पांढऱ्याने उंट ई३ वर आणला. पाठ केलेली चाल होती उंट जी७. पण मला वाटलं, घोडा जी४ वर टाकून त्या उंटालाच हुसकावू. समोरच्याने दुसरा उंट बी५ वर ठेवून शह दिला. मी उंट डी७ वर मध्ये घातला, तो राजापुढे जखडला गेला, म्हणजे हलवला तर राजाला शह बसेल, आणि जी४ चा घोडा वजिराने अलगद उचलला. चाल ठाऊक होती, तिच्यामागचं कारण नव्हतं.

पुढचा सगळा खेळ शर्यतीचा. युगोस्लाव्ह अटॅक नावाच्या पांढऱ्याच्या योजनेत तो वजिराच्या बाजूला कॅसलिंग करतो (राजाला हत्तीच्या आड नेतो), आपण राजाच्या. मग तो एच प्यादं रेटून ती फाइल प्याद्यांपासून मोकळी करतो, उंट एच६ वर आणून आपला जी७ चा उंट बदलून टाकतो. तो उंट गेला की राजा उघडा पडतो. अमेरिकेच्या बॉबी फिशरने १९५८ मध्ये पोर्तोरोझच्या स्पर्धेत डेन्मार्कच्या लार्सनचा ड्रॅगन असाच फोडला. तो डाव एकदा पटावर मांडून बघाच, झोप उडते.

आपलं उत्तर सी फाइलवर. सी८ चा हत्ती देऊन सी३ चा घोडा मारायचा. पाच गुणांचा मोहरा देऊन तीन गुणांचा घ्यायचा, हे पटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण बी प्याद्याने हत्ती मारला की पांढऱ्या राजापुढची भिंत फुटते. शिवाय डी५ वर उडी मारून आपल्या एफ६ च्या घोड्याला भिडणारा घोडाही संपतो. मी हीच स्थिती मांडून मित्राशी दोन्ही बाजूंनी खेळलो, तेव्हा कुठे हात मोकळा झाला. इंजिनचे (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमचे) आकडे सुरुवातीला बघू नका, उगीच धीर सुटतो.

कास्पारोव्हने १९९५ च्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीत आनंदविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी ड्रॅगन खेळून अकरावा आणि तेरावा डाव जिंकला. ते दोन्ही बघा.

आणि हो, दुसऱ्याच चालीला सी३ करून सगळ्या तयारीवर पाणी फिरवणारे बरेच भेटतात. त्याला उत्तर आधी शिका, ड्रॅगन नंतर.