‘विंडोज.ओल्ड’ काढायचाय? आधी त्यात नीट शोधा

विंडोज नव्याने टाकून घेतली, कॉम्प्युटर झकास चालायला लागला, पण ‘धिस पीसी’ उघडावं तर सी ड्राइव्हची पट्टी लाल! अशा वेळी बहुधा सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा फोल्डर सापडतो. ड्राइव्ह फॉरमॅट न करता विंडोज टाकली की जुनी विंडोज, जुने प्रोग्रॅम आणि जुन्या युजरच्या फायली या फोल्डरात सरकवल्या जातात. वीस-तीस जीबी जागा तो सहज अडवतो. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावरही तो तयार होतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ओळखीतले लोक मला याच फोल्डरबद्दल सारखे विचारतात.

तो काढायला दोन मिनिटं पुरतात. पण काढलेला फोल्डर रीसायकल बिनमध्ये जात नाही, कायमचा जातो. म्हणून आधी तपासणी करा, आणि तीही लगेच. अपग्रेड केलं असेल तर विंडोज दहा दिवसांनी हा फोल्डर स्वतःच काढून टाकते. जुन्या विंडोजवर परत जायची सोयही तेवढेच दिवस असते. नवी विंडोज त्रास देत असेल तर तोवर फोल्डरला हात लावू नका.

विंडोज.ओल्ड उघडा, त्यातला ‘युजर्स’ आणि मग तुमच्या नावाचा फोल्डर. परवानगी नाही असा संदेश आला तर ‘कंटिन्यू’ दाबा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळे पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. डॉक्युमेंट्स रिकामा दिसला तर घाबरू नका, शेजारचा ‘वनड्राइव्ह’ फोल्डर बघा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायलींची संख्या जुळते का ते पाहा आणि चार-दोन फोटो उघडून खात्री करा.

लोक चुकतात ते यापुढे. माझ्या मावशीच्या दुकानातला कॉम्प्युटर एका टेक्निशियनने नव्याने करून दिला. ‘बॅकअप घेतलाय’ म्हणाला, आणि डॉक्युमेंट्स खरोखरच घेतलेला होता. टॅलीचा डेटा मात्र ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात तसाच राहिला होता. विंडोज.ओल्ड अजून शाबूत होता, म्हणून पूर्ण वर्षाचे हिशेब वाचले. तेव्हा ‘पब्लिक’ उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘ॲपडेटा’ हा फोल्डर लपलेला असतो. तो दिसण्यासाठी ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटेम्स’ चालू करा. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममधली जुनी मेल त्यातच असते.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. युनिकोडच्या आधीच्या कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमधली पत्रं, लग्नपत्रिका, संस्थेचे अहवाल नव्या विंडोजमध्ये उघडले की इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. तो बहुतेक वेळा विंडोज.ओल्डमधल्या ‘विंडोज’ फोल्डरच्या ‘फॉन्ट्स’मध्ये सापडतो. तिथून कॉपी करा आणि राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा.

आता काढण्याकडे वळू. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या क्रमाने जा. यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसेल, फक्त त्यावर टिक करा आणि ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबा. याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक राहिली तर तुमचा डाउनलोड्स फोल्डर रिकामा होईल, म्हणून बटण दाबण्याआधी यादी वरपासून खालपर्यंत वाचा. सेटिंग्जमध्ये जमलं नाही तर ‘डिस्क क्लीनअप’ उघडा आणि ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’ निवडा, तिथेही हाच पर्याय मिळतो. फोल्डर थेट डिलीट करायला गेलात तर परवानगीवरून अडेल. त्यासाठी इंटरनेटवरच्या कमांड चिकटवत बसू नका. जागा हवी म्हणून चालू विंडोजमधले ‘विनएसएक्सएस’ किंवा ‘इन्स्टॉलर’ हे फोल्डर तर अजिबात उडवू नका. ‘इन्स्टॉलर’ गेला की प्रोग्रॅम अपडेट करताना आणि काढताना अडचणी येतात.

नवी विंडोज नव्या एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर) आणि जुनी जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर वरचा मार्ग उपयोगाचा नाही. तिथे सगळा डेटा काढून घेऊन जुन्या विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तेवढा भाग, फॉरमॅट करणं सरळ पडतं. आधी स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ज्या पार्टिशनपुढे ‘बूट’ किंवा ‘सिस्टीम’ लिहिलंय त्याला हात लावायचा नाही. मोठीशी अडचण इथेच येते: विंडोज एसएसडीवर असली तरी ती सुरू करणारं छोटं ‘ईएफआय’ पार्टिशन कधीकधी जुन्या डिस्कवरच राहिलेलं असतं. ते पुसलं तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर तो बंद करून वीज काढा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि पुन्हा सुरू करून पाहा. विंडोज उघडली तर जुनी डिस्क बिनधास्त पुसा. नाही उघडली तर केबल परत लावा, छोटी पार्टिशनं तशीच ठेवा आणि फक्त जुन्या विंडोजचं मोठं पार्टिशन फॉरमॅट करा.

त्यानंतरही सुरू होताना दोन विंडोजची नावं येत असतील तर ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’मधल्या ‘बूट’ टॅबवर जा. ‘करंट ओएस’ लिहिलेली नोंद ठेवा, उरलेली काढा.