नॅसमधली डिस्क गेली : नवी बसवून डेटा पुन्हा कसा उभा करायचा

नॅस (घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, अनेक डिस्कचा साठवणीचा डबा) बीप-बीप करतोय, एका डिस्कचा दिवा लाल झालाय, स्क्रीनवर ‘डिग्रेडेड’ दिसतंय, पण फायली उघडतायत? मग घाई नको. इथे चार डिस्कचा रेड ५ (RAID 5, म्हणजे डेटा आणि तो परत काढायची माहिती सगळ्या डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत) धरू या. यात एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो. दुसरी गेली की सगळंच गेलं.

म्हणून नवी डिस्क आणायच्या आधी बॅकअप. रीबिल्ड करताना, म्हणजे नव्या डिस्कवर हरवलेला डेटा पुन्हा उभा करताना, उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात, आणि त्या बहुधा गेलेल्या डिस्कबरोबरच घेतलेल्या, तितक्याच वापरलेल्या असतात. निदान हिशेब आणि फोटो तरी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

मग डिस्क ओळखा. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते : चांगली डिस्क ओढून काढणं. ‘डिस्क ३’ म्हणजे डावीकडून तिसरीच, असं गृहीत धरू नका. नॅसच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये (डिस्क सांभाळायच्या स्क्रीनवर) बिघडलेल्या डिस्कचा सीरियल नंबर दिसतो, तो लिहून घ्या. नॅस रीतसर बंद करा, ट्रे काढा आणि डिस्कच्या लेबलवरचा नंबर ताडून पाहा. जुळला नाही, तर ट्रे होता त्याच खणात परत सरकवा. चालू नॅसमध्ये ही सवलत मिळत नाही.

नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. ती सीएमआर (डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे ना, हे विकत घेतानाच बघा. एसएमआर डिस्कवर (यात पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात) रीबिल्ड फार रेंगाळतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कवरही डोळे झाकून विसंबू नये : वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलं.

डिस्क बसवा, नॅस चालू करा. काही नॅस आपणहून कामाला लागतात; सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये स्टोरेज पूल (डिस्कचा एकत्र गट) उघडून ‘रिपेअर’ निवडावं लागतं. ‘क्रिएट’ किंवा ‘फॉरमॅट’ला हातही लावू नका.

आत चालतं ते साधं गणित. एका जागी तीन डिस्कवर १, ०, १ असेल तर चौथीवर पॅरिटी (ताळा जुळवणारा जादा आकडा) ०, म्हणजे १ची संख्या सम राहते. मधली डिस्क गेली तर उरतात १, १ आणि ०; सम राहायचं तर हरवलेला आकडा ०च असणार. असं डिस्कभर.

४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरली, तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात. मध्येच कोणी फायली कॉपी करत बसलं तर आणखी. तोवर नॅस यूपीएसवरच ठेवा.

स्थिती ‘हेल्दी’ झाली की डेटा स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून चुका तपासणं) चालवा आणि बाकीच्या डिस्कचा स्मार्ट (S.M.A.R.T., डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) अहवाल बघा. रीअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) किंवा पेंडिंग (वाचता न आलेले, संशयित) सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाढत असतील, तर पुढची डिस्क आत्ताच मागवून ठेवा. काढलेली डिस्क वॉरंटीत असेल तर बिल शोधा. मात्र तिच्यावर तुमच्या डेटाचे तुकडे अजून आहेत, हे ती देण्याआधी लक्षात घ्या.